होतकरू चढाईपटूची पारख

मूल चांगले खेळू लागले की त्याच्या भवितव्याविषयी भाकीत करावयास सारा गाव पुढे सरसावतो. आमच्या मुळशी तालुक्यात तर कुस्ती आणि कबड्डी हे घरोघरीचे विषय होत. लवासाच्या वाटेवरील गावांतून सायंकाळी मैदानावर डाव रंगलेला असावा, पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलाने एका दमात तीन गडी टिपून मध्यरेषा गाठावी, आणि कडेला उभ्या असलेल्या मंडळींनी एकमुखाने म्हणावे, “हा पोरगा प्रो कबड्डीत जाणार!” वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु त्याच्या भरवशावर मुलाची शाळा, त्याची परीक्षा आणि घरचा चार-पाच वर्षांचा खर्च यांचे निर्णय होऊ लागले म्हणजे ते नुसते कौतुक राहत नाही. सबब होतकरू खेळाडूची पारख कशी करावी, कोणी करावी, आणि विशेषतः ती केव्हा करू नये, याविषयी आमचे मत विद्यार्थिबंधू, विद्यार्थिनी भगिनी आणि त्यांचे पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

या मोहाचे मूळ उघड आहे. २०१४ साली प्रो कबड्डी ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्यापूर्वी उत्तम खेळाडूस रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरी मिळणे हेच मोठे फळ समजले जाई. आता खेळाडूंचा लिलाव होतो व त्याचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूवर तेलुगू टायटन्स संघाने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची बोली लावली. असा आकडा वाचून ज्या बापाच्या मनात काही हलले नाही तो बाप विरळा! त्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्याच पानावर दुसराही एक हिशेब मांडता येतो. संघ १२, प्रत्येक संघात फार तर २५ खेळाडू, म्हणजे सगळ्या जागा मिळून ३००, आणि त्यांतही काही इराणादी परदेशांतून आलेल्यांच्या. सबंध हिंदुस्थानातील गावोगावचे मुलगे या एवढ्या जागांकडे डोळे लावून बसलेले आहेत.

होतकरूंची पारख हा प्रश्न केवळ आमचाच नव्हे. अमेरिकेत एक धसमुसळा खेळ आहे. त्यास तेथील लोक फुटबॉल म्हणतात. तथापि चेंडू बहुतेक हातांनीच खेळला जातो. त्या खेळात ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा एक गडी असतो. तो रांगेच्या अगदी कडेला उभा राहतो, इशारा होताच धाव घेतो, अंगावर आलेल्या रक्षकास हूल देतो आणि लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलतो. एकट्याने शत्रूच्या मुलखात शिरावयाचे, क्षणात दिशा बदलावयाची आणि डोके शांत ठेवावयाचे, हे त्याचे काम पाहता तो आमच्या चढाईपटूचा दूरचा भाऊबंदच म्हणावा. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून असे तरुण निवडतात आणि निवडीपूर्वी त्यांची मोजमापे घेतात. उंची, वजन, उडी, पंजाची रुंदी, आणि सर्वांत गाजावाजा होतो तो चाळीस यार्डांच्या धावेचा.

२०१७ साली जॉन रॉस नावाच्या तरुणाने ही धाव ४.२२ सेकंदांत पुरी केली. तोपर्यंत एवढ्या वेगाने तेथे कोणी धावले नव्हते. सिनसिनाटीच्या संघाने त्यास त्या वर्षीच्या सर्व होतकरूंत नववा म्हणून उचलले. पहिल्या हंगामात त्याच्या हाती एकही झेल आला नाही. पुढे दुखापतींनी ग्रासले हे खरे. पण त्याच्यावर बांधलेल्या अपेक्षांच्या जवळपासही तो पोहोचला नाही. उलट १९८५ साली जेरी राइस नावाचा तरुण मिसिसिपीतील एका लहानशा महाविद्यालयातून आला. त्याची धाव बेताचीच आहे असे पारख्यांचे मत होते, म्हणून त्याच्या आधी पंधरा जण निवडले गेले. त्याचा बाप गवंडी होता. बापाच्या हाताखाली काम करताना भावांनी वर फेकलेल्या विटा झेलून त्याचे हात तयार झाले, असे सांगतात. हा मनुष्य २० हंगाम खेळला व त्याने १,५४९ झेल घेतले. तो विक्रम अद्यापि कोणी मोडलेला नाही.

याचा अर्थ वेगास किंमत नाही असा कोणी करू नये. घड्याळ खोटे बोलत नाही. फक्त विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. मोकळ्या मैदानावर, समोर कोणी नसताना, सरळ रेषेत किती वेळात धावतोस, हा तो प्रश्न. सामन्यात समोर कोणी तरी असतो, आणि बहुधा तो आडवाच येतो.

आता आमच्याकडील मोजमापे पाहू. घड्याळ आमच्याकडे नाही, त्याच्या जागी दोन गोष्टी आहेत: सामन्यातील गुणांची बेरीज, आणि मोबाइलवर टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण. दुसरीची आम्हांस अधिक धास्ती वाटते. त्या अर्ध्या मिनिटात मुलगा पाच जणांना ओढीत मध्यरेषेवर आणतो, आणि ते चित्रण घरोघर फिरते. त्याच सामन्यात तो आणखी चौदा वेळा चढाईस गेला असेल व सहा वेळा पकडला गेला असेल. ते टिपावयास कोणाचा हात वर झालेला नसतो.

चढाई म्हणजे काय, हे ज्या पालकांनी लहानपणी मातीतला हुतूतू खेळला असेल त्यांस सांगावयास नको. परंतु आजच्या मॅटवरील खेळ बराच बदललेला आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. चढाईस ३० सेकंद. समोर सात रक्षक, हातात हात गुंफून उभे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. कोणास स्पर्श न करता परतावयाचे असेल तर ती ओलांडलीच पाहिजे. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. व्यावसायिक सामन्यात लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर गडी बाद. म्हणजे चढाईपटूस बळ लागते, चपळाई लागते, दम लागतो, आणि या सर्वांहून अधिक एक गोष्ट लागते, ती ही की आता पुढे जावयाचे की मागे फिरावयाचे याचा निर्णय तीस सेकंदांच्या आत, ओरडणाऱ्या लोकांच्या गराड्यात, योग्य करता आला पाहिजे. शेवटचा एक मिनिट उरला आहे, आपला संघ दोन गुणांनी पुढे आहे, अशा वेळी निदान रेषा ओलांडून जो मुलगा रिकाम्या हाताने शांतपणे परततो, त्यास कोणी टाळी वाजवीत नाही. आम्ही पारखी असतो तर त्याचे नाव प्रथम लिहून घेतले असते.

पायांकडे पाहावे, असे जुने खेळाडू सांगतात, आणि ते बरोबर आहे. कोपऱ्यातील रक्षक घोट्यावर झडप घालतो तेव्हा मुलाचा भार कोणत्या पायावर होता? हूल देताना त्याचे खांदे फिरतात की नुसते हातच हलतात? एका बाजूनेच चढाई करतो की दोन्ही बाजूंनी? गडी टिपल्यावर त्याचे डोळे कोठे असतात, मध्यरेषेवर की प्रेक्षकांवर? यांपैकी एकाचेही उत्तर गुणफलकावर मिळत नाही.

याहूनही मोठी चूक वयाच्या बाबतीत होते, आणि येथे शाळांसही आपला वाटा पदरी घ्यावा लागेल. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे असतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकत्र उभे राहतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे पुष्कळच झाले. त्यातून काही मुलांचे अंग लवकर भरते. तेराव्या वर्षी ज्यास मिसरूड फुटले आहे असा मुलगा नुसत्या खांद्याच्या धक्क्याने समोरची साखळी तोडून येतो. त्यास हूल शिकण्याची गरजच पडत नाही. गरज नाही म्हणून तो शिकत नाही. आणि गुण मिळतात म्हणून त्यास कोणी शिकवीतही नाही. अठराव्या वर्षी इतरांचीही अंगे भरतात. तेव्हा तोच मुलगा, तोच धक्का, आणि समोर तसेच दणकट सात जण! पंचक्रोशीचे कौतुक अशा वेळी एका हंगामात ओसरते, आणि मुलास कळत नाही की आपले काय चुकले. वास्तविक त्याचे काहीच चुकलेले नसते.

त्याच्या उलट जो किरकोळ देहाचा मुलगा असतो, त्यास जगण्यासाठीच युक्ती शिकावी लागते. तो वाकून साखळीखालून निसटतो, पायाच्या अंगठ्याने टिपतो, रक्षकाच्या मनात काय आहे ते ओळखतो. अशा मुलास तेराव्या वर्षी संघातून वगळून पाणी देण्याच्या कामावर ठेवणे हा आमच्या मते नुसता अन्याय नव्हे, तो अव्यवहारही आहे. त्याची उंची वाढावयाची राहिली आहे. युक्ती मात्र त्याच्याजवळ आजच आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी म्हणून गाव आहे. तेथील सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रो कबड्डीत तो प्रथम खेळला २०१८ साली, आणि त्या वेळी त्याचे वय २६ वर्षांचे होते. पंधराव्या वर्षी झालेल्या भाकितांचा हिशेब धरला तर ही फारच उशिराची गाडी. यू मुंबा संघाने त्यास ३६ लाख ४० हजारांस घेतले आणि त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आमच्या दृष्टीने त्याची खरी परीक्षा या दुसऱ्या वर्षी झाली. पहिल्या वर्षी कोणी ओळखत नाही, तेव्हा पुष्कळ जण चमकतात. वर्षभर त्याच्या चढाया न्याहाळून प्रत्येक संघाने त्याच्यासाठी सापळे रचून ठेवल्यावर तो काय करतो, हे पाहावयाचे. त्याने २१७ गुण मिळविले. पहिल्यापेक्षा एकच कमी! त्यानंतर खांद्याच्या दुखापतीने त्यास बाहेर बसावे लागले, आणि २०२२ च्या लिलावात तोच खेळाडू २० लाखांस गेला. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले. टोमॅटोचा भावसुद्धा याहून थोडा स्थिर असतो, असे एखादा शेतकरी म्हणेल. मनुष्य तोच, कसबही तेच. बोली मात्र खांद्याच्या एका सांध्यावर हेलकावे खाते. आपल्या मुलाची योग्यता या बोलीवरून ठरवू पाहणाऱ्या पालकांनी हे चार आकडे एका ओळीत लिहून पाहावेत.

जाणत्या पारख्यांचेही अंदाज फसतात. २०२२ च्या लिलावात सर्वांत मोठी बोली पवन सेहरावतवर लागली, २ कोटी २६ लाखांची, तमिळ थलैवाज संघाची. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला व तो हंगाम त्याच्यापुरता संपला. आता हा संघ बुडाला, असे जो तो म्हणू लागला. त्याच संघात नरेंदर नावाचा एक नवखा तरुण होता. लिलावाच्या बातम्यांत त्याची कोणी दखलही घेतली नव्हती. त्याने चढाईचे २४३ गुण मिळविले आणि संघ प्रथमच उपान्त्य फेरीत गेला. जागा रिकामी झाली नसती तर त्याच्यात काय आहे हे कळावयास आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

आमच्या पुण्याच्या संघाने, म्हणजे पुणेरी पलटणने, हा धडा अंशतः अनुभवाने व अंशतः बुद्धिपुरस्सर घेतला. २०२१-२२ च्या हंगामात राहुल चौधरी व नितीन तोमर यांच्यासारखे नामांकित चढाईपटू संघात असता ओझे उचलले ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार व हरियाणाचा मोहित गोयत या दोन नवख्यांनी. संघाने त्यांस पुढेही हाताशी ठेवले, एखादा सामना वाईट गेला म्हणून दूर लोटले नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून विजेतेपद मिळविले. तीन गुणांचे अंतर, आणि त्यामागे तीन हंगामांचा धीर!

येथे पालकांकडून एक शंका निघते. मुलास एखाद्या मोठ्या प्रबोधिनीत घातले तर? चांगले शिक्षण मिळत असेल तर अवश्य घालावे. मॅट, बूट, व्यायामशाळा यांची गरज आम्ही नाकारीत नाही. मातीवर वाढलेल्या मुलास मॅटवर पाय स्थिर करावयास वेळ लागतो. परंतु जाहिरातीतील इमारत पाहून भुलू नये. याविषयी दूर जावयास नको, खुद्द लवासाचेच पाहा. वरसगाव धरणाच्या काठी, मोसे नदीच्या खोऱ्यात हे नगर वसू लागले तेव्हा निक फाल्डो यांच्या नावाने गोल्फची व स्टीव्ह रेडग्रेव्ह यांच्या नावाने नौकानयनाची प्रबोधिनी येथे उभारण्याचे बेत जाहीर झाले होते. नावे जगद्विख्यात, चित्रे मनोहर. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला, आणि २०१८ साली नगर वसविणारी कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली आली. नगर अर्धे बांधलेले राहिले. ज्यांच्यापाशी भांडवल होते, तज्ज्ञ होते, नकाशे होते, त्यांचे भाकीत जेथे असे ठरले, तेथे मैदानाच्या कडेला उभे राहून केलेल्या आमच्या भाकितांची काय कथा?

मग पारख करूच नये काय? करावी, पण सतरा वर्षांच्या आत कोणत्याही मुलावर ‘हा होणार’ किंवा ‘हा होणार नाही’ असा शिक्का मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा शिक्का दोन्ही बाजूंनी घातक आहे. ‘होणार’ म्हटलेला मुलगा पुस्तक मिटतो, ‘नाही’ म्हटलेला मैदान सोडतो. पुस्तक मिटण्यात तर दुहेरी तोटा आहे, आणि तो पुष्कळ घरांतून ध्यानात येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु पदास जे शिक्षण लागते ते खेळाडूसही लागतेच. नववीतून शाळा सोडलेला मुलगा लिलावात निवडला गेला नाही म्हणजे ती वाटही त्याने आपल्या हाताने बंद केलेली असते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंस वाढीव गुण मिळतात, तेही परीक्षेस बसणारासच.

शाळांनी करावयाचे काम आमच्या मते फार खर्चाचे नाही. प्रत्येक चढाईपटूची एक साधी नोंदवही असावी. तीत केवळ मिळविलेले गुण न लिहिता एकंदर चढाया किती, रिकाम्या किती, कोठे व कसा पकडला गेला, सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत काय केले, आणि ज्या संघाशी पूर्वी खेळला होता त्याच्याशी दुसऱ्यांदा कसा खेळला, एवढे लिहावे. उंची व वजन दर सहा महिन्यांनी टिपावे, म्हणजे मुलगा खेळाने पुढे गेला की अंगाने, हे समजेल. गुडघा किंवा खांदा दुखत असता सामना खेळविला काय, तेही लिहावे. ते लिहावे लागेल या भीतीनेच कित्येक गुडघे वाचतील. अशी वही तीन वर्षांची झाली म्हणजे मग कोणी जाणता मनुष्य आला तर त्याच्यापुढे ती उघडावी, आणि त्यास बोलू द्यावे.

मुलींच्या बाबतीत ही वही अधिकच अगत्याची आहे, कारण त्यांच्यासाठी बोली लावणारा कोणी नाही. २०१६ साली प्रो कबड्डीच्या जोडीने स्त्रियांच्या तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, ती पुढे चालली नाही. तरीही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथे भारतीय स्त्रियांनी चिनी तैपेईचा २६-२५ असा पराभव करून आशियाई सुवर्णपदक मिळविले, आणि त्या संघात स्नेहल शिंदे व सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्या दोघी होत्या. लिलावाचा आकडा नसता यांचे मोल कोणी व कसे ओळखले असेल, याचा विचार ज्या घरी मुलगी मैदानावर जाऊ इच्छिते त्या घरी अवश्य व्हावा.

पालकांस एक विनंती आहे. सामन्याच्या दिवशी आपण येताच. एखाद्या साध्या दिवशी, सराव चालू असताना, न सांगता यावे. आपला मुलगा चढाई करीत असेल तेव्हा पाहिले नाही तरी चालेल. दुसरा कोणी चढाईस गेला आहे आणि आपला मुलगा साखळीत उभा आहे, किंवा बाद होऊन बाहेर बसला आहे, अशा वेळी तो कोठे पाहत असतो, ते पाहावे.